परसातला कावळा

म्हैसूरच्या मिशन दवाखान्यात मी बायकांच्या रांगेत बसले होते. तोंडावर पदर ओढलेली माझ्या पुढची बाई औषध देणाऱ्या मुलीशी कुजबुजू लागली.

“तुळजा, माझ्याकडे बघू नकोस. बाटली भरत राहा.”

“आई? बाबांना कळलं तर?”

“ते रिसाल्यात घोड्यांच्या कवायतीला गेलेत. काल परसात त्यांनी तुझे पिंड ठेवले. किरिस्ताव झाली, म्हणजे आम्हाला मेली, म्हणाले.”

“खरंच आहे, आई. आमच्या शास्त्रातही तसंच लिहिलंय. जुनी तुळजा बाप्तिस्म्यात मेली. आता मी नवी आहे, देवाची लेक आहे. मला कसली भीती नाही.”

“मग औषध बाटलीबाहेर का सांडतेयस?”

“आई, कावळा शिवला का गं?”

“दुपारपर्यंत शिवेना. सगळे भ्याले. बाबांनी हात जोडून म्हटलं, धाकटीचं लग्न थाटात करीन. मग म्हटलं, तुझी गाय विकणार नाही. तो आपला भिंतीवरच बसलेला.”

“मग?”

“मी दाराआडून मनातच म्हटलं, तुळजे, उद्या येऊन तुला बघून जाईन. तसा तो खाली उतरला.”