दोन्ही बाजूंचा सायलेन्सर

माझं माहेर सव, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, आणि दिलं कुठं तर पोलादपूरच्या वर डोंगरात, जिथं एसटी अजून फाट्यावरच सोडते आणि पुढं आपले पाय. मालक लवकर गेले. पोरगा एकच, महाडच्या एमआयडीसीत पर्मनंट झाला आणि पहिलं काय केलं तर ही फटफटी आणली. मी बोलले, जुनी हाय रे ही, फसवलं तुला. तर हसून बोलतो, आये नवीच हाय, जुन्यासारखी दिसते म्हणून तर महाग. आता काय सांगू तुम्हाला! मग मला जुन्या मेलीला कोण फुकट पण विचारत नाय ते का?

दोन सिलिंडरची गाडी, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. शोरूमवाल्यानं बाईमाणसाची साडी अडकू नये, पाय भाजू नये म्हणून मागं डावीकडं जाळी लावून दिलेली, धरायला दांडा होता, ते यानं दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं, लुक जातो म्हणे. लुक! मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी आणि हा समोरून धडधडत जायचा. नाकापेक्षा मोती जड, आणि नाक तरी कसलं, चपटं.

डोंगरात पोरगी देतो कोण हो? तरी एक स्थळ आलं. पोरगी एमआयडीसीतच लॅबमध्ये, कंपनीच्या बसनं जाते-येते, बोलायला सरळ. घर बघायला माणसांसंगती आमच्याकडं आली, मला बघताक्षणी आवडली, मनात बोलले देवा एवढी पदरात घाल. चहा झाल्यावर ह्यानं सगळ्यांना अंगणात नेलं, गाडी चालू करून धा मिनटं नुसता आवाज ऐकवला. तर तिनं मलाच विचारलं, काकी, तुम्ही बसता यावर? मी खोटं बोलले. बसते गो, रोज बाजाराला नेतो मला. ती बोलली, मग बसा ना, बघूया.

बसले. बाईमाणूस बसतं तशीच, पाय डावीकडं सोडून. दुसऱ्यांच्या गाडीवर बसलेय मी, सायलेन्सर उजवीकडं असतो, डावीकडं काय भ्या नाय. या गाडीचा डावीकडं पण, जाळी काढलेली, आणि तापलेला. पोटरी चर्रकन भाजली. मी हसत राहिले, स्थळ मोडायला नको म्हणून. आणि हा मेला आरशात बघून केस सारखे करत होता! पोरीनं बघितलं सगळं. तिनंच हात देऊन मला उतरवलं, पायावर तांब्याभर पाणी ओतलं, आणि हळूच बोलली, काकी, तुमच्यासाठी आले असते, पण संसार यांच्यासंगती करायचा हाय ना.

गेली. हा अजून बोलतो, तिला गाडीतलं काय कळत नाय. पोटचा हाय, टाकून थोडाच देणार, दोन वेळ वाढते जेवायला. ती बाय जिथं जाईल तिथं सुखात राहो. माझी लेक असती ना, तर मीच सांगितलं असतं तिला, या घरात नको पडूस.