फॅमिली असेल तर

बाबा: ते सगळं नंतर. आधी मला सांग, तू माझ्या घरात काय करते आहेस?

तनया: दूध गोळा करते आहे. दाराबाहेर कात्रजच्या चार पिशव्या पडल्यात. कालच्या दोन तर फुगल्यात. जिन्यात वास सुटला म्हणून समोरच्या काकूंनी मला धायरीहून बोलावून घेतलं. बाबा, तुम्ही कुठे आहात?

बाबा: आमलीमाळावर.

तनया: कुठे?

बाबा: सातपुड्यात. तुझ्या आईचं आमलीमाळ. गाडी घेऊन आलो.

तनया: एकटे? एवढ्या लांब, आणि मला न सांगता?

बाबा: सांगितलं असतं तर तू ‘एकटे?’ म्हणाली असतीस. ते आता म्हणून झालंय.

तनया: मी सकाळपासून फोन लावते आहे.

बाबा: इथे रेंज नाही. लॉजच्या ओट्यावर, चिंचेकडे तोंड करून उभं राहिलं की येते. हलायचं नाही फक्त. तेव्हा मी पुतळ्यासारखा उभा आहे, आणि मुद्द्याचं बोलू या. माझं तुझ्याकडे काम आहे.

तनया: काय काम?

बाबा: या बाई मला खोली देत नाहीत.

तनया: का?

बाबा: फॅमिली नाही म्हणून.

तनया: म्हणजे?

बाबा: म्हणजे फॅमिली नाही म्हणून. काल धुळ्याहून फोन करून खोली सांगून ठेवली होती. त्यांनी विचारलं, बरोबर फॅमिली आहे का? मी म्हणालो, आहे.

तनया: बाबा.

बाबा: सवय गं. हॉटेलवाला असो नाहीतर एसटीचा कंडक्टर, कुणी विचारलं फॅमिली आहे का, की माझ्या तोंडून ‘आहे’ जातं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. परत लावून काय सांगणार होतो? चूक दुरुस्ती?

तनया: मग आता?

बाबा: आता बाईंनी गाडीत डोकावून बघितलं. म्हणाल्या, फॅमिली कुठे आहे? म्हटलं, वारली. तर त्या दोन पावलं मागेच सरकल्या.

इंदुबाई: द्या काका फोन, मी बोलते. हॅलो ताई, मी इंदुबाई. ही लॉजची जागा आमची आहे. तुम्ही काकांच्या मुलगी ना?

तनया: हो. तनया. पुण्याहून बोलते आहे.

इंदुबाई: राग मानू नका ताई. खोली रिकामी आहे, खोटं कशाला बोलू. पण एकट्या माणसाला आम्ही देत नाही. आमच्या अंगणाच्या पलीकडे कडा आहे. मागच्या हिवाळ्यात एक जण असाच एकटा आला. चांगला बोलला, चांगला जेवला, भाकरी मागून घेतली. सकाळी कड्यावर नुसत्या चपला.

तनया: अरे देवा.

इंदुबाई: तेव्हापासून फॅमिली असेल तरच. आणि हे काका आले, फॅमिली वारली म्हणाले, आणि पाण्याच्या तांब्याला हात न लावता पहिलं काय विचारलं, तर कड्याकडे कुठून जायचं. सांगा, मी काय समजू?

तनया: तुम्ही बरोबर समजलात. त्यांना द्या फोन. पण तुम्ही जाऊ नका हं तिथून.

इंदुबाई: मी कुठे जाते. इथेच आहे.

तनया: बाबा.

बाबा: ऐकलं मी. या बाई फोनवर बोलतात ते फोनशिवायसुद्धा पुण्याला ऐकू जाईल.

तनया: एक विचारू?

बाबा: विचार.

तनया: दूध का बंद केलं नाहीत?

बाबा: काय?

तनया: एका रात्रीसाठी लग्नाला गेलो तरी आपल्याकडे दूध बंद असायचं. खडकीच्या फॅक्टरीत तुम्ही जन्मभर दारूगोळा सांभाळलात. कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय तुम्ही जिना उतरत नाही. आणि दूध चालू ठेवून गेलात. परत येणारा माणूस दूध बंद करून जातो, बाबा. मी त्या पिशव्या बघितल्या आणि तेव्हापासून तुमच्या स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले आहे. इंदुबाईंना जे वाटलं ना, ते मला इथे दारातच वाटलं. तेव्हा सांगा मला.

बाबा: तनू.

तनया: सांगा.

बाबा: दूध बंद करावं लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ते तुझी आई करायची. मला वाटायचं, आपण गावाला गेलो की ते आपलं आपण बंद होतं.

तनया: आपलं आपण.

बाबा: हसते आहेस की रडते आहेस? इथे वारा आहे, कळत नाही.

तनया: मलाही कळत नाही. म्हणून तुम्ही आई गेल्यापासून रोज लिटरभर घेत राहिलात? मी दर रविवारी डोकं फोडते आहे, एकट्या माणसाला लिटर कशाला, फ्रीजमध्ये नुसती पातेली.

बाबा: तो आणून टाकतो, मी घेतो. पहाटे येतो, माझं त्याचं कधी बोलणं नाही. आणि कमी कर म्हटलं असतं, तर त्यानं कारण विचारलं असतं.

तनया: हं.

बाबा: झालं समाधान?

तनया: निम्मं. कड्याचं काय?

बाबा: तुझ्या आईचं ते चक्र बघायला आलो.

तनया: तिनं लहानपणी पाहिलेलं?

बाबा: तेच. आजोबा वनखात्यात, चौथीपर्यंत बिऱ्हाड इथेच. पाऊस सरता सरता दरीत धुकं भरतं, आणि पाठीशी ऊन असलं की त्या धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं. मधोमध आपली सावली. दर वर्षी गणपती गेले की म्हणायची, एकदा जाऊ या. मी म्हणायचो, तिथे फॅमिलीला नेण्यासारखी राहायची सोय नाही.

तनया: आता आहे की सोय.

बाबा: आहे. फॅमिली असेल तर.

तनया: ती म्हणायची, ते फक्त तिच्याच डोक्याभोवती होतं. शेजारी मामा उभा होता, त्याच्या नव्हतं. आणि मामा म्हणायचा, माझ्याच होतं, हिच्या कुठे होतं? साठी उलटली तरी भाऊबीजेला दोघं त्यावरून भांडायची.

बाबा: ओवाळायचं तबक हातात धरून भांडायची. मला नेहमी वाटायचं, दोघांतलं एक जण थापा मारतंय. बहुतेक तुझा मामा.

इंदुबाई: काका, धुकं वर आलं बघा. ऊनही आहे. त्याच्यासाठी आला असाल तर आत्ताच चला, मग ऊन उतरतं. आधी सांगायचं ना तुम्ही, त्याच्यासाठी आलो म्हणून.

तनया: इंदुबाई, त्यांना एकट्यांना सोडू नका.

इंदुबाई: सोडते कशाला? हात धरते मी. लाजू नका काका, तुमच्या लेकीएवढी आहे.

बाबा: फोन कटेल.

इंदुबाई: नाही कटत. कड्यावर भरपूर रेंज आहे. तुम्हाला मुद्दाम नाही सांगितलं.

(फोनवर बराच वेळ नुसता वारा, आणि ओल्या गवतातून चालण्याचा आवाज.)

तनया: बाबा? बोलत राहा. काहीही बोला.

बाबा: दरी नाहीये.

तनया: म्हणजे?

बाबा: भरली आहे. काठोकाठ. पलीकडचा डोंगर वर तरंगतोय, खाली त्याला काही नाही. पाऊल टाकलं तर चालत जाता येईल असं वाटतंय. टाकत नाही, घाबरू नकोस. बाईंनी मनगट असं धरलंय की त्यांच्या बांगड्या मला रुततायत.

तनया: रुतू देत. आणि चक्र?

बाबा: ऊन गेलंय ढगाआड. थांब.

तनया: थांबले आहे.

बाबा: आलं. ऊन आलं.

तनया: बाबा?

बाबा: आहे.

तनया: काय आहे?

बाबा: आहे गं. अख्खं आहे.

तनया: नीट सांगा ना.

बाबा: खाली धुक्यावर माझी सावली पडली आहे. पाय इथे माझ्यापाशी, आणि डोकं कुठल्या कुठे लांब. त्या डोक्याभोवती गोल. बाहेरून तांबडं, आत येत येत निळं. त्याच्या बाहेर आणखी एक, फिकट. कुठे तुटलेलं नाही, तनू. मी जन्मभर कमान बघत आलो, दोन्ही टोकं जमिनीत गेलेली. मला वाटायचं ते तेवढंच असतं.

इंदुबाई: आज छान पडलंय.

बाबा: मी हात वर केला. सावलीनंही केला, तिकडून. इतका मोठा हात. आवाज काही नाही. एवढं सगळं चाललंय आणि आवाज काहीच नाही.

तनया: हं. सांगा.

बाबा: एक गंमत आहे. बाईंची सावली माझ्या शेजारीच आहे, पण साधी. चक्र मला एकट्यालाच आहे.

इंदुबाई: तुम्हाला कुठे? मला आहे. तुमच्या डोक्याभोवती काही नाही काका.

बाबा: अहो, नीट बघा.

इंदुबाई: इथेच राहते मी. किती वेळा बघितलं. माझ्याच भोवती असतं ते.

बाबा: तनया.

तनया: ऐकलं मी.

बाबा: दोघंही खरंच सांगत होती.

तनया: हो.

बाबा: ज्याचं त्यालाच दिसतं. म्हणजे मी तिला घेऊन आलो असतो, इथे तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो असतो, तरी तिचं मला दिसलं नसतं. तिनं सांगायचं आणि मी ऐकायचं, एवढंच झालं असतं.

तनया: ते तर झालंच आहे, बाबा. दर वर्षी.

बाबा: हो. गणपती गेले की.

तनया: फोटो काढता?

बाबा: नको. फोटो काढला तर ते फोनभोवती यायचं.

तनया: मग असंच सांगत राहा.

बाबा: विरतंय. बाहेरचं फिकट होतं ते गेलं. आतलं आहे अजून, तांबडी रेघ तेवढी. आता तीही नाही. सावली आहे नुसती. आता नुसतं पांढरं.

तनया: मागे या आता.

इंदुबाई: आणलं मी त्यांना मागे. ताई, काका रडतायत, पण तसलं काही नाही, साधं रडतायत. चहा टाकते. आता खोलीचं सांगा. आमचे हे विचारतील, एकट्याला कशी दिलीस.

तनया: एकट्याला देऊच नका. फॅमिली रूम ठेवा. मी आज संध्याकाळी निघते, उद्या दुपारी तिथे असेन. फक्त आजची रात्र...

इंदुबाई: आज सासऱ्यांच्या खोलीत अंथरूण टाकते. ते रात्रभर खोकतात. काकांना झोप नाही यायची, पण सोबत आहे.

बाबा: उत्तम सोय आहे. ऐकतेस ना? आणि तुझं ऑफिस?

तनया: सांगते तिथे. घरचं तुमचा जावई बघेल. मलाही बघायचं आहे ते.

बाबा: तुझं मला दिसणार नाही. तुला सांगावं लागेल.

तनया: सांगीन.

बाबा: शेवटचा रस्ता सगळा वळणांचा आहे. उजेडात ये. आणि हे बघ.

तनया: काय?

बाबा: घरात आहेसच, तर दूधवाल्याला फोन कर. नंबर आईच्या फोनमध्ये असेल. सोमवारपर्यंत बंद म्हणावं.

तनया: सांगते. आणि सोमवारपासून?

बाबा: अर्धा लिटर. त्यानं विचारलं, तर सांग.