मंजुळेचा डावा डोळा

जमलेल्या बंधू-भगिनींनो,

“चांगला डोळा बांधा, बाई. वाकड्याला काम करू द्या.” सोळा वर्षांपूर्वी इथेच, शहापुरात, डॉक्टरांनी मला हे सांगितलं होतं. आज त्यांच्या शोकसभेत, त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे उभी आहे, तर तेवढंच आठवतंय. त्याबद्दलच बोलायला हवं.

माझी मंजुळा तेव्हा सहा वर्षांची. डावा डोळा नाकाकडे वळलेला. डॉक्टर म्हणाले, उजव्यावर फडक्याची पट्टी बांधा आणि डाव्यानं रोज तांदळातले खडे वेचू द्या. हळूहळू दोन्ही डोळे मिळून बघायला शिकतील.

आमच्या गावी, किन्हवलीला परतलो. पट्टी बांधली की पोर उंबऱ्याला अडखळायची, रडायची. सासूबाई म्हणाल्या, “तिरला डोला झाक गो. पोरीला उजवायची हाय. लोकं तोच बगतात.”

मी पट्टी डाव्या डोळ्यावर फिरवली. लोकांपासून डोळा लपला. पोर अडखळेनाशी झाली, हसायला लागली. मला तिचं हसू पुरलं. दोन वर्षं डॉक्टरांकडे गेलेच नाही.

मग गेले. त्यांनी पट्टी सोडली. उन्हानं रापलेल्या तोंडावर डाव्या डोळ्याभोवती तेवढीच कातडी गोरी राहिली होती. त्यांनी ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. उजवा डोळा झाकून त्यांनी तांदळाचं ताट पुढे केलं, तर मंजुळेचा हात ताटाबाहेर पडला.

तिनं विचारलं, माझं काय चुकलं? डॉक्टर म्हणाले, “तुझं नाही, बाळ. माझं चुकलं.”

ते गावात पसरलं. डॉक्टरनं पोरीचा डोळा घालवला, असं झालं. आयांनी आपली पोरं दाखवायला आणणं सोडलं. त्यात आणखी किती डोळे गेले, कोण सांगेल? मी गप्प होते. डॉक्टर वाटेत भेटले की एवढंच विचारायचे, मंजुळा बरी आहे ना?

मंजुळा, तू दाराशी उभी आहेस. नवऱ्यानं आणलं म्हणून आलीस. डॉक्टरांना तू कधी हात जोडले नाहीस. बाय, पट्टी मी फिरवली होती.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. मंजुळा, आधी त्यांच्या खुर्चीवर फूल ठेव. तेवढं तू करशील. मग ती दोन मिनिटं माझ्याशेजारी उभी राहा. राहणार नाहीस, ठाऊक आहे. तरी मी तुझ्यासाठी शेजारी जागा ठेवून उभी आहे.