विषय : लिफ्टचा आवाज येत नसल्याबाबत

विषय : आमच्या मेव्हण्याला पगारवाढ मिळण्याबाबत. संदर्भ : एक, त्याचा अर्ज. दोन, अर्जाचं स्मरणपत्र. तीन, स्मरणपत्र पोचलं का, अशी विचारणा करणारं पत्र, जे मी स्वतः लिहून दिलं आणि ज्याच्याइतका चांगला मसुदा, तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षांच्या कारकुनीत मला कधी जमला नव्हता... पण उपयोग काय?

मेव्हणा म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत वीस वर्षं मेकॅनिक. दुरुस्त करणाऱ्या म्हणतो खरा, पण तिथंच तर सगळं घोडं अडलंय, कारण हा माणूस लिफ्ट बिघडूच देत नाही. चौदा इमारती त्याच्याकडे. तापलेल्या पोराच्या कपाळाला आईनं हात लावावा तसा हा मोटारीला हात लावून बघतो, कान देऊन ऐकतो, दोर चाचपतो, आणि जो भाग पुढच्या महिन्यात झिजणार तो या महिन्यातच बदलून मोकळा होतो. वर्षभरात चौदा इमारतींत एकही माणूस अडकला नाही. एक मांजर अडकलं होतं, तेही जिन्याच्या कठड्यात. आता अशा माणसाला पगारवाढ मिळायला काही अडचण असावी का? तुम्हीच सांगा.

शिवाय यंदा गरज होती हो. त्याची बायको कापडाच्या दुकानात दोन पाळ्या उभी असते. दिवसभर गिऱ्हाइकापुढे कापडाचे तागेच्या तागे उलगडायचे आणि गिऱ्हाईक ‘जरा फिकट नाही का?’ म्हणालं की पुन्हा गुंडाळायचे. गुडघे कामातून गेलेत. यानं तिला शब्द दिला होता, यंदा वाढ मिळाली की संध्याकाळची पाळी सोड. आणि ती बिचारी इतकी भोळी, की तिनं मालकाला सांगूनही टाकलं, पुढच्या महिन्यापासून मी संध्याकाळी येणार नाही म्हणून.

तर मूल्यमापनाचा दिवस आला. आदल्या रविवारी आमच्याकडे तालीम झाली. मी साहेब झालो, हा हाच झाला. मी विचारलं, ‘किती वाढ अपेक्षित आहे?’ तर म्हणतो, ‘तुम्हाला योग्य वाटेल ती.’ मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अरे, योग्य काय ते साहेबाला वाटायला लागलं तर तो साहेब राहील का? आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘त्याला ओरडू नका, तो लहानपणापासून असाच आहे.’ झाली तालीम.

प्रत्यक्षात साहेब फारच गोड. खुर्ची दिली, पाणी दिलं. ‘तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही,’ म्हणाले. ‘पण काय आहे ना, यंदापासून सगळं कॉम्प्युटरवर. तो फॉर्म भरा, मग बोलू.’

फॉर्ममध्ये रकाना : वर्षभरात सोडवलेल्या तक्रारी. यानं लिहिलं शून्य. कॉम्प्युटर शून्य घेईना. लाल चौकट आली, ‘कृपया योग्य आकडा भरा.’ हा साहेबांना म्हणाला, ‘साहेब, तक्रार आलीच नाही, तर सोडवू काय?’ साहेब म्हणाले, ‘तेच तर. कामाबद्दल प्रश्नच नाही, पण काम दिसायला नको? आता आपल्या तुफानचं बघा.’

हा तुफान म्हणजे यानंच हाताला धरून शिकवलेला पोरगा. त्याच्याकडच्या लिफ्ट दिवसाआड बंद. फोन आला की पठ्ठ्या हेल्मेट घालून निघाला, दार उचकटलं, आतल्या घामाघूम माणसाला बाहेर ओढलं, पाठीवर थाप मारली, फोटो काढला. दोनशे बारा तक्रारी सोडवल्या. अडकलेला माणूस बाहेर आला की हात जोडतो हो. जो अडकलाच नाही, तो कशाला हात जोडेल? त्याला पत्ताच नसतो कुणी वाचवलं ते. तर तुफानला उत्कृष्ट कामाची ढाल मिळाली, वाढ मिळाली, आणि याला लाल चौकट.

रात्री याचा फोन. ‘भाऊजी, शून्य घेत नाहीये.’

आता इथं माझं चुकलं, कबूल करतो. रकाना रिकामा सोडायचा नाही, हा आमच्या खात्यात शिकलेला पहिला धडा. मी म्हणालो, ‘अरे, एकाला फोन करायला सांग. किरकोळ तक्रार. तू जा, सोडव, आकडा भर.’ छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे रकाने भरले, म्हटलं घरच्या माणसाचा एक भरू.

याच्याकडच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात. हा त्यांच्याकडे गेला. बाई म्हणाल्या, ‘पण लिफ्ट उत्तम चालते. मी खोटं बोलणार नाही.’ हा म्हणाला, ‘खरं असेल तेच सांगा, पण तक्रारीच्या सुरात सांगा.’ बाईंनी चष्मा पुसला, विचार केला, फोन लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘तुमची लिफ्ट फार शांत चालते. आली की गेली, कळत नाही.’

नोंद झाली. तक्रारीचं स्वरूप : लिफ्टचा आवाज येत नाही.

हा लगबगीनं तक्रार बंद करायला गेला, तर यंदाचा दुसरा नियम : दोष कोणता सापडला ते लिहिल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. दोष कुठून आणायचा? मुख्य कचेरीतून तपासनीस आला. त्यानं लिफ्टमधून अकरा वेळा वरखाली केलं, आणि शेरा मारला, ‘दोष आढळत नाही, सबब दोष गंभीर असावा.’ मग आणखी दोघे आले. आता तिघे मिळून शोधताहेत.

इकडे साहेबांनी याला बोलावलं. पाणी या वेळी दिलं नाही. ‘तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नव्हता,’ म्हणाले, ‘पण आलेख बघा. गेल्या वर्षी तक्रारी शून्य, यंदा एक, तीही उघडी. आणि उघडी तक्रार असताना वाढीचा अर्ज पुढे जात नाही. जरा आवाज येऊ द्या ना लिफ्टचा. मग तो बंद करा, तक्रार मिटवा.’

बाईंना म्हटलं, तक्रार मागे घ्या. बाई म्हणाल्या, ‘मागे घेतली तर मी खोटं बोलले असं होईल. लिफ्ट शांत चालते की नाही?’ चालते.

शेवटी हा पाना घेऊन मशीनच्या खोलीत गेला. एक नट अर्धा फेरा सैल केला की झालं, खडखड सुरू, दोष सापडला, तक्रार बंद. तासभर बसला तिथं. मी खाली उभा, वर काही ऐकू येतंय का ते बघत. काही नाही. खाली आला तेव्हा हाताला तेल. म्हटलं, ‘केलंस?’ म्हणाला, ‘तेल घातलं, भाऊजी. कोरडं वाटलं जरा.’

परवा बायकोला घ्यायला दुकानात गेला होता. मालकानं तिला संध्याकाळच्या पाळीला परत घेतलंय, पण आता सूटिंगच्या विभागात. तिथले तागे जास्त जड असतात. तिनं फक्त विचारलं, ‘कळलं का काही?’

कळलं ते असं : तक्रार अजून उघडीच, म्हणून अर्जाचं काय करायचं ते ठरवायला तो समितीकडे गेला आहे. समितीची बैठक अजून ठरलेली नाही.