अकरा प्रोसेसर आन् एक ओळ

…आन् वर मलाच इचारत्यात, चालत हुतं तर हात कशाला लावला? तुमास्नी सांगतो, मी धनाजी, जतकडचा, घरची मेंढरं सोडून कराडात कम्प्युटरच्या कामाला आलेला, आन् आमची कंपनी एम्युलेटर बनवती, म्हंजी नव्या कम्प्युटरच्या पोटात जुन्या कम्प्युटरचं सोंग. एका साखर कारखान्याचा तीस वरसांचा कम्प्युटर मेला, सुटं भाग मिळंनात, तवापासनं त्येंचा बॉयलरचा प्रोग्राम आमच्या सोंगावर चालतोय. असली अकरा सोंगं. आन् परत्येकात प्रोसेसर जागा करायचा कोड जवळजवळ त्योच, अकरा येळा उतरवलेला, चारशे-चारशे ओळी… मला ऱ्हावतंय व्हय? आठ दिस बसलो, समदं एका फाईलीत आणलं, सहाशे ओळीत. लय भारी वाटलं गड्या, सैपाकघरात जाऊन बायकूला, सोनियाला, दोन गिरक्या मारून दाखवल्या. ती म्हणली, "आवं, पण आदी चालत हुतं न्हवं?"

धा सोंगं उठली. अकरावं, कारखान्याचं, काळं ठिक्कर. आन् सोमवारी बॉयलर पेटायचा. आमचं सायेब हंबीरराव, आवाज कसा, तर रिकाम्या पिपातनं आल्यागत: "धनाजीऽ, चालत हुतं की रं, हात कशाला लावलास?" दोन दिस शोधलं, काय न्हाई. शेवटी कारखान्यात फोन केला, त्या जुन्या कम्प्युटरम्होरं तीस वरसं बसलेल्या नाथाजींना. ते निवांत, तोंडात तंबाखू: "आरं लेका, त्येला उठवल्यावर लगीच काम सांगायचं न्हाई. मी चिमूट मळून हुईस्तवर थांबायचो."

थांबायचो… आन् मला आठवलं. कारखान्याच्या जुन्या कोडात एक ओळ जादा हुती, नुसती थांबायची, दुसरं कायबी न करणारी. मीच खोडलेली, बिनकामाची म्हणून. परत घातली, सोंग उठलं, सोमवारी बॉयलर पेटला, फोनवर नाथाजी हसलं, मी खुर्चीतच नाचलो. तर मंगळवारी हंबीरराव: "बाकीची धा मशिनं एवढा येळ का लावत्यात रं?" लावणारच की, समदं एका जागी आणलंय न्हवं मी. मग त्या ओळीला 'फकस्त कारखान्यासाठी' असं येगळं दावं बांधलं, आन् वर लिवलं: 'हलवायच्या आदी नाथाजींना फोन करा', खाली त्येंचा नंबर.

परवा कळलं, नाथाजी मार्चात रिटायर हुत्यात, आन् त्यो नंबर कारखान्याचा हाय.