हिऱ्याऐवजी

वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवून मी तासभर कावळ्याची वाट पाहत होते. मागच्या पायरीवर दोन भावंडं फासे टाकून खेळायच्या जादूगार-राक्षसांच्या खेळावरून भांडत होती.

“रविदादा, माझी जादूगारीण मेलीच कशी? मंत्राने जिवंत होते, पुस्तकात आहे.”

“त्याच पानावर आहे, मंत्राला हिरा लागतो. आहे तुझ्याकडे?”

“संतोषचा योद्धा काचेच्या खड्यावर उठवलास!”

“गेम मास्टर मी आहे. चालवून घेतलं.”

“त्यानं मिसळ खिलवली म्हणून! धन्य तुझे नियम.”

“सायली, हळू बोल. लोक दुःखात आहेत.”

“मीपण आहे. तीन वर्षं खेळले तिला.”

गुरुजी माझ्याकडे वळले. “ताई, कावळा काही येत नाही. दर्भाचा करून पिंडाला शिववतो. चालतं.”

मी मान हलवली.

“बघ,” मागून सायली कुजबुजली, “याला म्हणतात गेम मास्टर.”