तपासणीची सुट्टी

हासू नका बे, पण त्या दिवशी आपली नोकरी गेली असंच मले वाटलं होतं.

शाळेची तपासणी होती. सातवीतल्या तीन पोरी वाचताना लय अडखळत. म्या आदल्या दिवशी त्यायले म्हटलं, "उद्या तुमाले सुट्टी. घरीच राहा." पोरी खूश!

दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्या मॅडमची गाडी फाटकाशी थांबली, अन् आतून पहिले त्याच तिघी उतरल्या. मॅडम रस्ता चुकल्या होत्या. वावरात कापूस वेचणाऱ्या या पोरी वाट दाखवाले गाडीत बसून आल्या होत्या.

म्या त्यातल्या पायलले हळूच म्हटलं, "काहून आली वं?"

पायल मोठ्यानं म्हणते, "सर, आमी शाळेत नाही आलो. फाटकाच्या बाहेरच हाओ. तुमीच तर तपासणीची सुट्टी देल्ली ना!"

मॅडम फक्त म्हणाल्या, "चला आत."

वर्गात मॅडमनं पुस्तक पायलच्याच हाती देल्लं. पायलनं अडखळत, थांबत अख्खं पान वाचलं. मग मॅडमनं शेरेबुकात लिहिलं, 'वाचन सुरू आहे.' म्या ते तीनदा वाचलं, तवा जिवात जीव आला.

सकाळपासून पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मॅडम गाडीत बसताना म्हणतात, "सर, आता अशी सुट्टी देऊ नका. सातवीत मलेबी गुरुजीनं देल्ली होती. तपासणीच्या दिवशी म्या बकऱ्या चारल्या."